कचरा आलाय म्हणे!

कार्बोरेटर (पेट्रोल अन् हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) ओव्हरफ्लो होतोय म्हणून गाडी कोणत्याही गॅरेजला लावा, बॉनेट पुरतं उघडायच्या आत निदान तयार असतं. "कचरा आलाय." अरे बाबा, पाहिलास का तू कचरा? झाकण काढलंस? एअर क्लीनरचा डबा तरी बाजूला केलास? काही नाही. लांबूनच वास घेतला, मान हलवली अन् स्क्रूड्रायव्हर काढून मिक्श्चरचा स्क्रू पिळायला सुरुवात.

त्या स्क्रूवर माझा लई राग आहे. गाडी स्लोवर, म्हणजे नुसतं इंजिन चालू ठेवून, उभी असताना किती पेट्रोल आत जायचं, तेवढंच तो ठरवतो. फ्लोट चेंबरमध्ये (कार्बोरेटरातली पेट्रोलची छोटी टाकी) पेट्रोल काठोकाठ भरून वर येतंय, त्याच्याशी या स्क्रूचा काय संबंध? पण पिळणार. अर्धा आटा आत, एक आटा बाहेर, रेस कर, धूर पाहा, "आता बघा भाऊ, मख्खन." मख्खन मोंढ्याच्या गेटापर्यंत टिकतं. तिथं काळा धूर, मिसिंग, अन् मागच्या ट्रॅक्टरवाल्याच्या शिव्या.

आमचा ट्रक जुन्या पेट्रोल जीपच्या घराण्यातला. चार सिलिंडर, साधारण सव्वादोन लिटरचं इंजिन, मागं लोखंडी हौदा. बापूंच्या काळापासून सोयाबीनची पोती वाहतोय. परभणीत ट्रक म्हणलं की डिझेलच, त्यामुळं याचं बॉनेट उघडलं की आजच्या पोरांच्या चेहऱ्यावर म्युझियमला आल्यासारखं कुतूहल दिसतं. तेवढ्यापुरतंच. हात लावायची वेळ आली की पुन्हा "कचरा".

अन् पेट्रोल कुठं सांडतंय? परभणीत! 2018 साली इथल्या पेट्रोलनं नव्वदी ओलांडली तेव्हा वाहिन्यावाले पंपावर कॅमेरे लावून बसले होते. जगात जर्मनी, भारतात परभणी, ते असं खरं झालं. तिकडं मनमाडजवळच्या डेपोतून तीनशेच्या आसपास किलोमीटर टँकर येणार, त्याचं भाडं आपण भरायचं, अन् ते सोन्याच्या मोलाचं पेट्रोल कार्बोरेटरच्या अंगावरून खाली मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांवर, ठिबकणार. तापलेल्या मॅनिफोल्डवर! एखाद्या दिवशी भडका उडाला तर "गाडी जुनी होती हो" म्हणायला सगळे मोकळे.

उन्हाळ्यात तर विद्वानांना ऊत येतो. मे महिन्यात त्रेचाळीस-चव्वेचाळीस तापमान, ट्रक रस्त्याच्या कडंला बंद, अन् रसवंतीवरून कोणीतरी उठून येतं. "पेट्रोल उडालंय. पंपावर ओलं फडकं टाका." (पंप म्हणजे गाडीतला, टाकीतून पेट्रोल ओढणारा.) कामून? वेपर लॉक झालं की पाइपात पेट्रोलची वाफ अडकते अन् इंजिनाला पेट्रोल मिळतच नाही. माझे प्लग काढले तर ओले चिंब, पेट्रोल गळतंय त्यांच्यावरून. एकाला उपासमार झालीय, दुसऱ्याला अजीर्ण, अन् औषध दोघांना तेच ओलं फडकं!

उन्हाचा एक खरा त्रास आहे, पण तो यांच्या गावी नाही. पेट्रोलमधले हलके घटक चाळीस अंशांच्या आसपासच उकळायला लागतात. गाडी रपारप चालवून बंद केली की इंजिनाची धग वर चढते, चेंबरमधलं पेट्रोल उकळतं अन् नळीतून ओसंडून इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये उतरतं. दहा मिनिटांनी सेल्फ मारा, उठत नाही. तेव्हा अॅक्सिलरेटर तळाला दाबून धरायचा, पंपिंग करायचं नाही, अन् सेल्फ मारायचा. जास्तीचं पेट्रोल हवेबरोबर निघून जातं. पण तो प्रकार फक्त गरम गाडी पुन्हा सुरू करताना होतो. आमचा ट्रक सकाळी गार असतानासुद्धा ठिबकत होता. एवढं एक विचारलं असतं तरी निम्मा प्रश्न सुटला असता. गार की गरम? चालू असताना की बंद केल्यावर? नाही. विचारायचंच नाही. डॉक्टर नाडी बघतो तेवढा वेळसुद्धा द्यायचा नाही.

मग नवीन पळवाट निघाली. "भाऊ, वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे आता, जुन्या गाड्यांचं असंच होणार." आता यात तथ्य नाही असं मी म्हणत नाही. इथेनॉल जुनं रबर फुगवतं, ओल धरून ठेवतं, टाकीत वर्षानुवर्षं बसलेला थर सोडवून पुढं ढकलतं, अन् तो थर थेट नीडलवर, म्हणजे चेंबरमध्ये येणारं पेट्रोल अडवणाऱ्या सुईवर, येऊन बसतो. आमच्याकडं तर गंमतच. ऊस आम्हीच लावायचा, तो कारखान्यात जाऊन इथेनॉल होऊन आमच्याच गाडीच्या पंपातलं डायफ्रॅम (रबरी पडदा) खायला परत. पण म्हणून काय झाकण न उघडता सगळं इथेनॉलच्या माथी मारायचं? रबर फुगलंय तर दाखव फुगलेलं रबर!

तपासायला लागतं तरी किती? एअर क्लीनरचा डबा काढून चालू गाडीत कार्बोरेटरच्या गळ्यात डोकवा. चोकची (हवा अडवणारी) पाती अडकून बंद राहिलीय का, ते तिथंच दिसतं. स्लोवर असताना मधल्या नळीतून थेंब पडताहेत, म्हणजे चेंबरची पातळी चढलीय. मग वरचं झाकण काढा. पितळी फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगून नीडल बंद करणारा पोकळ डबा, कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल वाजलं तर त्याला भोक पडलंय, तो बुडतोय, तो नीडल बंद करणार कशाला? शंका असेल तर गरम पाण्यात बुडवा (शेगडी जवळ नको, पाणी उतरवून आणा), बुडबुडे सांगतील. नीडलच्या टोकाला गोल चरा पडलाय का, नखानं कळतं. पंपावर गेज लावा. या जुन्या कार्बोरेटरांना चौरस इंचाला तीन ते पाच पौंड दाब पुरतो. कोणी हौसेनं जास्त दाबाचा इलेक्ट्रिक पंप बसवला असला तर चांगली नीडलसुद्धा ढकलली जाते. चहा येईस्तोवर होणारं काम आहे हे.

एका शहाण्यानं रिपेअर किट टाकलं खरं. नवी नीडल, नवी सीट (नीडल जिच्यावर टेकते ती), नवं पॅकिंग, पैसे रोख. ट्रक पहिल्यापेक्षा जास्त ओव्हरफ्लो! तर म्हणतो, "कार्बोरेटरच गेलाय, नवा टाका." नवा कुठं मिळतो तेही सांग ना मग. वर सल्ला, "त्यापेक्षा डिझेल इंजिन बसवा." हा सल्ला तर मला पानवाल्यानंसुद्धा दिलाय. इंजिन बदललं की आरटीओत नोंद करा, कागदं फिरवा, चकरा मारा. एक थेंब थांबवायला अख्खं इंजिन बदला म्हणे.

शेवटी भाच्यानं पाहिलं. पोरगं फवारणीचे, पेट्रोलवर चालणारे पंप दुरुस्त करतं, गाड्यांचं गॅरेज काही त्याचं नाही. त्यानं झाकण उलटं धरलं, म्हणजे फ्लोटच्या वजनानं नीडल बंद होते, अन् पेट्रोल यायच्या तोंडाला नळीचा तुकडा लावून फुंकलं. हवा जायला नको होती, जात होती. मग सीटभोवती साबणाचं पाणी सोडलं. "मामा, हे पाहा." नीडल घट्ट बंद, अन् फुगे येताहेत सीटच्या आट्यांमधून! सीटखाली बसणारा वायसरच टाकलेला नव्हता. नीडलनं कितीही अडवलं तरी पेट्रोल आट्यांतून वळसा घालून चेंबरमध्ये शिरत होतं. किटच्या पाकिटात वायसर येतो. त्या किटवाल्यानं तो बहुतेक फेकून दिला, पाकिटासकट. भाच्यानं बरोब्बर जाडीचा वायसर टाकला (जाडी चुकली की फ्लोटची पातळी पुन्हा बिघडते), पातळी मोजली, झाकण लावलं. थेंब बंद.

अन् गाडी नीट चालताना पाहून तो किटवाला मला रस्त्यात थांबवून काय म्हणतो? "पाहा, मी म्हणलो होतो ना, कचरा होता."

त्याला म्हणलं, ऑइलची काडी ओढून वास घे. इतके दिवस पेट्रोल सिलिंडरातून खाली उतरून ऑइल पाण्यासारखं पातळ झालंय, त्यावर बेअरिंग किती घासली कोण जाणे. ते ऑइल अन् फिल्टर मी उद्या बदलणार आहे. बिल तुझ्या गॅरेजवर पाठवू का?