शेवटची पानं

सातवीत असताना बाबांनी मुंबईला फाउंटनच्या फुटपाथवर मला एक इंग्रजी कॉमिक घेऊन दिलं होतं. दोन रुपयांत. त्या भावात मुखपृष्ठ येत नव्हतं आणि मागची पानंही येत नव्हती. आत एक डोंगराएवढा माणूस न्यूयॉर्कमधल्या इमारतीच्या गच्चीवर यंत्रं जोडत होता. नाव गॅलॅक्टस, आणि तो पृथ्वी खायला आलाय, एवढं माझ्या इंग्रजीला झेपलं. पुढे काय झालं हे कळायच्या आत पुस्तकच संपलं. तोपर्यंत माझं सगळं वाचन इंद्रजाल कॉमिक्सचं. वेताळानं कधी असं अर्ध्यात सोडलं नव्हतं.

35 वर्षं मी तो शेवट मनातल्या मनात रचत होतो. कधी सूर्य विझायचा, कधी चंद्र फेकून मारला जायचा.

मग 25 जुलै 2025 ला ‘फँटास्टिक फोर: फर्स्ट स्टेप्स’ हा सिनेमा येणार आणि त्यात गॅलॅक्टस आहे, असं कळलं. चिरंजीव म्हणाले, “बाबा, तू आधी मूळ कॉमिक वाचून घे. थिएटरात प्रश्न विचारत बसू नकोस.” ऑफिसातल्या एकाकडे पहिल्या 60 अंकांचे दोन खंड होते. “हळदीचे हात लावू नका,” असं बजावून त्याने ते दिले. हातात 15 दिवस. रोजचे चार अंक, सोपा हिशोब.

हिशोब सोपा होता, खंड नव्हता. डोंबिवली लोकलमध्ये तो उघडायचा म्हणजे शेजारच्याच्या मांडीवर अर्धं न्यूयॉर्क पसरायचं. घरी आडवं पडून वाचावं, तर तो छातीवर असा बसायचा की श्वास घ्यायला त्यातल्या चौघांचा म्होरक्या रीड रिचर्ड्स याच्यासारखं रबरी अंग हवं. शेवटी पोळपाटाला टेकवून वाचायला लागलो. बायकोने पोळपाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि त्या दिवशी भात केला.

पहिला अंक नोव्हेंबर 1961 चा. लेखक स्टॅन ली, चित्रकार जॅक कर्बी. चौघं जण परवानगीबिरवानगी न घेता रॉकेट घेऊन सुटतात. अंतराळातल्या कॉस्मिक किरणांचं काय, हे त्यांच्यातला बेन आधीच विचारत असतो. त्याचं कोणी ऐकत नाही आणि त्या किरणांनी दगड तोच होतो. प्रत्येक कुटुंबात असा एक असतोच. शिवाय ही माणसं बोलतात किती! बुक्की हवेत असतानाच चार ओळींचं स्वगत. संगीत नाटकात मरणारा माणूस पद म्हणून घेतो, तसं.

नवव्या अंकापाशी बायको डोकावली. 1962 चा अंक. रीडने शेअर बाजारात पैसे घालवलेत, चौघांचं दिवाळं वाजलंय आणि हॉलिवूडला जायलासुद्धा वाटेत गाड्यांना हात दाखवायची पाळी आलीय.

“शास्त्रज्ञ ना हा?” तिने विचारलं.

“जगातला सगळ्यात हुशार माणूस.”

“मग बरोबर,” ती म्हणाली आणि खंड स्वतःकडे ओढला.

त्या रात्रीपासून पोळपाट तिच्याकडे आणि मी रांगेत. 1965 च्या वार्षिक अंकात रीड आणि सू यांचं लग्न आहे. तिथे स्वतः ली आणि कर्बी येतात आणि आमंत्रण नाही म्हणून दारातूनच परत पाठवले जातात. ते वाचून ती इतकी हसली की शेजारच्या काकूंनी बेल वाजवून सगळं ठीक आहे ना, असं विचारलं.

23 तारखेला मला कसाबसा 48वा अंक मिळाला. 1966 सालचा. गॅलॅक्टसच्या गोष्टीला सगळे तीन अंकांची म्हणतात, पण 48व्यात साहेब अवतरतात ते अखेरीस. सुरुवात तर आधीच्या गोष्टीचं उरलंसुरलं आवरण्यात गेलेली. 49व्यात पृथ्वीचा ग्रास व्हायची वेळ, आणि रीड काय करतो? दाढी. मला बरं वाटलं. मीही घरी पाहुणे दारात आल्यावरच दाढीला बसतो.

मग 50वा. 35 वर्षांची उधारी. हात धुऊन बसलो.

चौघांतला जॉनी गॅलॅक्टसच्याच घरातून मुठीत मावेल एवढं एक यंत्र उचलून आणतो. रीड ते नुसतं उगारतो. गॅलॅक्टस घाबरतो, शब्द देतो, उलटलेल्या आपल्या दूताला, सिल्व्हर सर्फरला, इथेच अडकवतो आणि निघून जातो. झालं! पुढे चिक्कार पानं शिल्लक. अधीरपणे उलटली, तर जॉनी कॉलेजात दाखल होतोय. जग आत्ताच वाचलंय आणि हे होस्टेलच्या गोष्टी करतायत.

“ही ती शेवटची पानं?” माझ्या तोंडून निघालं.

बायकोने हे सगळं आदल्या दिवशीच वाचलं होतं. “मला विचाराल, तर त्यांचंच चुकलं,” ती म्हणाली. “जेवायला बसलेल्याला असं पानावरून उठवतात का?”

25 ला तिघंही गेलो. मी शहाण्यासारखा गप्प होतो. पडद्यावर गॅलॅक्टस उभा राहिला, खुर्च्या हादरल्या, चिरंजीवांचा हात पॉपकॉर्नमध्ये थांबला. तेवढ्यात माझ्या पलीकडून ऐकू आलं,

“अहो, ते शेअर बुडाल्याचं कधी दाखवणार?”

पुढच्या रांगेतल्या दोघांनी मागे वळून पाहिलं. चिरंजीवांनी पाहिलं ते माझ्याकडे.