खुलासा: यूएसबीची लाल वायर एसएमपीएसच्या हिरव्या वायरला जोडू नका

जळगाव-भुसावळकडच्या रिपेअरिंगवाल्यांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: यूएसबीची लाल (5 व्होल्टची) वायर दुसऱ्या एसएमपीएसच्या (कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या बॉक्सच्या) हिरव्या वायरला जोडा, कॉम्प्युटरसोबत तोही चालू होईल. तसं होत नाही. हिरवी वायर काळीला, म्हणजे ग्राउंडला टेकली तरच एसएमपीएस सुरू होतो. मेन स्विच चालू ठेवून हिरवीवर मीटर लावा, तिथे आधीच व्होल्टेज दिसेल, म्हणून लाल वायरचे व्होल्ट देऊन उपयोग नाही.

दोन्ही सोबत चालू करायचे असतील तर यूएसबीवर 5 व्होल्टचा छोटा रिले (विजेवर चालणारा स्विच) चालवा, त्याच्या कॉइलला उलटा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा पार्ट) लावा, आणि रिलेचे कॉमन व एनओ (नॉर्मली ओपन, म्हणजे रिले चालू झाल्यावरच कॉमनला जोडलं जाणारं टोक) हिरव्या-काळ्या वायरला जोडा. कॉइल साधारण 70 मिलिअँपिअर घेते, पोर्टला ते झेपतं. मात्र बऱ्याच मदरबोर्डवर शटडाउननंतरही यूएसबीला 5 व्होल्ट राहतात, मग दुसरा एसएमपीएस चालूच राहील. तेही मीटरने आधी तपासा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर डिलीट करा.