पृथ्वी फिरते ना, मग विमान नुसतं वर थांबलं तर?

छोटूने मोबाइल पुढे केला. "बघा, लंडनहून सकाळी 11 ला निघायचं, न्यूयॉर्कला दुपारी 2 ला. तीन तासांत!"

"2 वाजले कोणाच्या घड्याळात?" मास्तर म्हणाले. "न्यूयॉर्क पाच तास मागे. तीन आणि पाच, आठ."

"बरं, आठ. मग परत येताना सातच का? अंतर तर तेवढंच, साडेपाच हजार किलोमीटर."

इथे अण्णा सरसावले. त्यांच्या मते साधी गोष्ट आहे: विमान वर गेलं की खाली पृथ्वी सरकते.

"अण्णा," मास्तर म्हणाले, "पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. तुमचं खरं मानलं तर न्यूयॉर्कच विमानाच्या दिशेने येणार. म्हणजे जातानाच कमी वेळ लागायला हवा! आणि हवाही, आपणही पृथ्वीबरोबरच फिरतो हो. नाहीतर जागच्या जागी उडी मारणारा भिंतीवर आदळला असता."

अण्णा गप्प बसले, पण पटलं नव्हतं हे चेहऱ्यावर दिसत होतं.

खरी गंमत जेट स्ट्रीमची. दहाएक किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा हा वाऱ्याचा पट्टा हिवाळ्यात ताशी 200 किलोमीटरच्याही वर जातो. फेब्रुवारी 2020 मध्ये ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग 747 विमान न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोचलं, ते याच वाऱ्यावर. जमिनीच्या हिशेबाने सर्वाधिक वेग ताशी 1,300 किलोमीटरच्या आसपास. छोटू लगेच, "म्हणजे आवाजाच्या वेगापेक्षा जास्त!" तर नाही. भोवतालच्या हवेच्या तुलनेत विमान नेहमीच्याच वेगाने चाललं होतं, हवाच पळत होती.

"असू दे," अण्णा म्हणाले, "जाताना गेलेला वेळ येताना वसूल. फिटंफाट."

हे मला पटेना. मी 5,550 किलोमीटर धरून हिशेब मांडला. वारा नसताना ताशी 900 ने जाऊन-येऊन 12 तास 20 मिनिटं. आता 150 चा वारा घ्या. जाताना 750 ने 7 तास 24 मिनिटं, येताना 1,050 ने 5 तास 17. बेरीज 12 तास 41. वीसेक मिनिटं बुडाली, कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ असतं आणि सुलट्यात कमी. म्हणून तर अटलांटिकवरचे मार्ग वारा पाहून रोज नव्याने आखतात. पश्चिमेला जाणारे वळसा पत्करून जेट स्ट्रीम चुकवतात.

"पण हा वारा पूर्वेकडेच का वाहतो?" अण्णांनी हळूच विचारलं.

मास्तरांना कबूल करावं लागलं. विषुववृत्ताकडची गरम हवा ध्रुवाकडे निघते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळते.

"म्हणजे पृथ्वीच की!" अण्णांनी मांडीवर थाप मारली. निम्मे गुण द्यावेच लागले.

"मग मोबाइलवर दोन शहरं टाकली की किती तास ते दाखवतात, ती वेळ येते कुठून?" छोटू.

बहुतेक ठिकाणी सरळ भागाकार. अंतर भागिले साडेआठशे-नऊशे, वर चढण्या-उतरण्याचा अर्धा तास. वारा नाही, वळसा नाही, धावपट्टीकडे रांगेत उभं राहणं नाही. विमान कंपनीच्या वेळापत्रकात हे सगळं धरलेलं असतं, म्हणून मी तेच पाहतो.

"हेलसिंकी-टोकियो टाक," मास्तर म्हणाले.

उत्तर आलं साडेनऊ तासांच्या आसपास. 2022 पर्यंत ते बरोबरही होतं. त्यानंतर फिनलंडच्या फिनएअर या विमान कंपनीला रशियाचं आकाश बंद झालं आणि त्याच दोन शहरांमध्ये तेरा तास लागू लागले. काही विमानं तर उत्तर ध्रुवावरून वळसा घालून जाऊ लागली.