लांडगा आला रे आला

"प्लॉटमध्ये लांडगा शिरलाय," असं मी घरच्या ग्रुपवर टाकलं आणि मिनिटभरात अकोल्याच्या मामांचा फोन. "वनखात्याला कळवलं का?"

म्हटलं, मामा, लांडगा म्हणजे झाड. काटेरी बोंडांचं.

"मग सरळ गोखरू म्हण की!"

इथून घोळ सुरू झाला. गोखरू म्हटलं की हिच्या डोळ्यांपुढे सराटा येतो. तो जमिनीलगत पसरणारा, पिवळ्या फुलांचा, सायकली पंक्चर करणारा, मुतखड्यावरच्या काढ्यात पडणारा. आमचं प्रकरण मात्र उभं वाढत होतं. पान पॉलिश पेपरसारखं खरखरीत, खोडावर जांभळट ठिपके, बोंडावर चहूकडून आकडे आणि टोकाला दोन शिंगं. शेजारच्या प्लॉटचे काका कुंपणावरून एक नजर टाकून म्हणाले, "शंकेश्वर." मला वाटलं, बेळगावकडच्या गाडीची चौकशी करताहेत. पण तेही याच झाडाचं नाव निघालं. नावावर एकमत होईपर्यंत झाड गुडघ्यावरून कमरेला आलं.

मग मी वाचायला बसलो, आणि वाचणाऱ्याचं जे होतं ते माझं झालं. हा गडी मूळचा अमेरिका खंडातला. कोवळ्या रोपात विष, म्हणजे गुरं सोडायची सोय नाही. एका बोंडात दोन बिया: एक आधी उगवते, दुसरी मागे राहते, कधी कधी पुढच्या पावसाळ्यापर्यंत. इतकं नियोजन आमच्या सात पिढ्यांत कोणी केलेलं नाही.

पण खरा हिरा पुढेच होता. रात्र पुरेशी लांब झाली की हे झाड फुलतं, आणि त्या रात्रीत मध्येच थोडा वेळ उजेड पाडला की फुलायचं विसरतं. १९३८ साली हॅमनर आणि बॉनर या अमेरिकी शास्त्रज्ञांनी याच झाडावर हे दाखवलं होतं. म्हणजे उपटायला नको, वाकायला नको. नुसती बॅटरी मारायची!

"अहो, मावशींना सांगून उपटून टाका," ही म्हणाली. पण विज्ञानापुढे मी कुणाचं ऐकतो?

रोज रात्री एक वाजता छत्री आणि बॅटरी घेऊन मी प्लॉटवर. तिसऱ्या रात्री वॉचमनने चोर म्हणून धरलं. फुलं येऊ नयेत म्हणून उजेड दाखवतोय, असं सांगितल्यावर त्याने मला सोडलं, पण आवाज एकदम मऊ करून. दहा रात्री नेमाने गेलो. अकराव्या रात्री पाऊस मस्त लागला होता, डोळा लागला. आणि या झाडाला एकच लांब रात्र पुरते, हे त्याच लेखात खालच्या परिच्छेदात होतं.

बोंडं धरल्यावर शेवटी मावशी आल्या. "फुलायच्या आत, माती ओली असताना उपटायचं असतं, दादा. आता हलवलं की पेरणीच." तरी त्यांनी हातमोजे घालून बोंडं खुडून गोणीत भरली, जाळली. निम्मी मात्र आधीच माझ्या पायजम्यावर आणि मोतीच्या शेपटीत बसली होती. याच्याच भावकीतल्या एका झाडाची बोंडं कुत्र्याच्या अंगावर बघून स्वित्झर्लंडच्या द मेस्त्राल साहेबांनी वेल्क्रो काढलं. मी मोतीच्या अंगावरची बोंडं काढताना फक्त शिव्या काढल्या. पुढे सगळा हिवाळा संध्याकाळी कुंपणाशी बसून एकेक बोंड सोडवायचं आणि मागे भिरकावायचं, हा उद्योग.

यंदा आमचा प्लॉट बराचसा स्वच्छ आहे. परवा काका कुंपणाशी आले. त्यांच्याकडे कुंपणालगत, मी बसतो बरोबर त्याच्या मागे, हिरवीगार रांग उभी आहे.

"आमच्याकडे कधी नव्हता हो हा. आला कुठून?"

"संकेश्वरहून असेल," मी म्हणालो आणि मोतीला घेऊन आत गेलो.