नावात मॅरिगोल्ड आहे म्हणून ताटात घ्यायचं का?

इंग्लंडमधल्या आमच्या मराठी ग्रुपवर मार्च लागला की एक फॉरवर्ड उगवतोच. ओढ्याकाठच्या चिखलात पिवळंधमक फूल, खाली मजकूर: "हा इथला रानझेंडू. पाकळ्या सॅलडवर टाका, कोवळी पानं कच्ची खा, रस चामखिळीवर लावा, फुकट आहे तर मुळासकट आणून बागेत लावा." यंदा चार जणांनी अंगठे दिले आणि एका काकूंनी विचारलं की गुढीला माळ होईल का, म्हणून लिहायला बसले.

आधी नाव. हे मार्श मॅरिगोल्ड, इथले लोक किंगकप पण म्हणतात, शास्त्रीय नाव कॅल्था पॅलुस्ट्रिस. झेंडूशी याचं काही नातं नाही. झेंडू सूर्यफुलाच्या कुळातला (आणि ज्याला आपण एवढा आपला मानतो तो मूळचा मेक्सिकोकडचा, पण ते असो), हे बटरकपच्या कुळातलं, म्हणजे हिमालयातल्या विषारी बचनागाच्या भावकीतलं. कलौंजीही त्याच कुळात येते, त्यामुळे नुसतं कूळ बघून घाबरायला नको, पण खायच्या आधी दोनदा विचार करावा एवढं नक्की. मॅरिगोल्ड म्हणजे मेरीचं सोनं, इंग्रजांनी हे नाव दोनतीन पिवळ्या फुलांना देऊन टाकलं. त्यातलं खातात ते पॉट मॅरिगोल्ड, म्हणजे कॅलेंड्युला, ज्याचं क्रीम मिळतं. फॉरवर्डवाल्याने त्याचे गुण उचलून याला चिकटवलेत, बाकी काही नाही.

"पाकळ्या टाका" म्हणे. अहो, याला पाकळ्याच नसतात! फूल उलटं करून बघा, बटरकपला खाली छोटी हिरवी निदलं (कळीला झाकणारी पानं) दिसतात, इथे खाली काहीच नाही, कारण जे चकचकीत पिवळं दिसतंय तीच निदलं, बहुतेक पाच. मध्ये पुंकेसरांचा झुबका, आणि फूल गळलं की त्याजागी चांदणीसारख्या हिरव्या शेंगा, त्या वरून उकलतात आणि पावसाचा थेंब बरोबर आत पडला की बिया उडून बाहेर येतात, पाण्यावर तरंगत पुढे जातात. मला तर हे फुलापेक्षा जास्त आवडतं.

कच्ची पानं अजिबात खाऊ नका. झाड चुरडलं किंवा चावलं की त्यात प्रोटोॲनेमोनिन नावाचं जहाल द्रव्य तयार होतं, तोंड भाजतं, उलट्या-जुलाब होतात. उत्तर अमेरिकेतले काही मूळ रहिवासी वसंतातली कोवळी पानं उकळून, पाणी टाकून देऊन खायचे हे खरं आहे, फॉरवर्डमधली "कोवळी पानं" बहुधा तिथूनच आली, फक्त उकळणं वाटेत सांडलं. आपल्याकडे शेवळाची भाजी खाज मारणारी काकडं (आंबट रानफळं) घातल्याशिवाय कोणी करतं का? तसंच हे, आणि ज्यांना ते पिढ्यान् पिढ्या माहीत होतं त्यांनीच करावं.

चामखिळीचं म्हणाल तर जुना गावठी उपाय आहे खरा. पण तोच रस आजूबाजूच्या चांगल्या कातडीवर लागला की फोड येतात, चामखीळ ओळखून तेवढीच जाळायची अक्कल त्याला नाही. डॉक्टरकडे जा.

आणि मुळासकट आणायचं? जमीनमालकाची परवानगी नसताना रानातलं कुठलंही झाड उपटणं इथे १९८१ च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड ॲक्टखाली गुन्हा आहे. हवंच असेल तर नर्सरीत तळ्याच्या झाडांमध्ये कुंडीत मिळतं, मुळं ओली ठेवा, खूश राहतं.

काकू, तुमचं उत्तर राहिलं. मार्च ते मे बहर म्हणजे पाडव्याला वेळ जुळते खरी, पण देठ पोकळ असतो, सुई घातली की चिरणार आणि रस बोटांना लागणार तो वेगळाच. त्यापेक्षा सुपरमार्केटातून डॅफोडिलची जुडी आणा, पिवळीच असतात. खायची ती पण नाहीत हं.