बीटवरच्या ओळखी कोण मोजतं?

पत्रकाराला नेमून दिलेला विभाग किंवा विषय म्हणजे त्याची बीट. त्याच्या अप्रेझलमध्ये बातम्या किती दिल्या, बायलाईन (नावानिशी छापलेल्या बातम्या) किती, वेबवर हिट्स किती, सगळं मोजतात. नवी मुंबईत दिघ्यापासून दिवाळे गावापर्यंत किती घरांत त्याला 'बस रे, चहा घे' म्हणतात, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते कॉपीचा, म्हणजे लिहून दिलेल्या बातमीचा, निम्मा दर्जा तिथेच ठरतो.

वेगळ्या समाजात असं मिसळता येण्याला व्यवस्थापनवाले सांस्कृतिक बुद्धिमत्ता म्हणतात. ख्रिस्तोफर अर्ली आणि सून अँग यांनी २००३ मध्ये त्यावर पुस्तकच लिहिलं. समोरच्या समाजाची माहिती हवी, जाणून घ्यायची ओढ हवी, वागणं बदलता यायला हवं आणि आपले ग्रह आपल्याच ध्यानात यायला हवेत. हे सगळं परदेशी जाणाऱ्या मॅनेजरांना शिकवतात. ठाण्यातल्या बातमीदाराला वेगळ्या समाजात, मुस्लिमबहुल मुंब्र्याला जायला लोकलची दोन स्टेशनं पुरतात!

आणि 'आपण मराठीच की' म्हणून भागत नाही. ठाण्याच्या नौपाड्यात वाढलेल्या पोराला आगरी गावातलं काय ठाऊक असतं? हळदीतला डीजे दिसला की 'धांगडधिंगा' हेडिंग तयार. त्याच मांडवात धवले, म्हणजे लग्नविधीची पारंपरिक गाणी, गाणारी धवलारीण बसलेली असते, तिच्याकडे कॅमेरा वळतच नाही.

नवी मुंबईतल्या अनधिकृत बांधकामांचं घ्या. प्रेसनोट आली, इतकी घरं पाडली, कॉपी डेस्कवर. पण १९७० मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं, भातशेती आणि मिठागरं संपादनात गेली, कुटुंबं वाढली आणि गावठाणाची हद्द होती तिथेच राहिली. म्हणून पोरांच्या लग्नासाठी वर मजला चढला. बिल्डरशी संधान बांधून पाच मजले ठोकणारेही त्याच गल्लीत आहेत, त्यांच्यावरही लिहावंच. पण कोण गरजेपोटी आणि कोण कमाईपोटी, हे गावातलाच माणूस सांगणार. जानेवारी १९८४ मध्ये उरणला प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटलांच्या आंदोलनात पोलीस गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले, हे ज्याला माहीत नाही त्याच्यापुढे गावकरी तोंड उघडत नाहीत. संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायची योजना इथे सगळ्यांच्या तोंडी आहे; 'साडेबारा टक्के म्हणजे काय हो?' असं विचारणाऱ्याला तर चहासुद्धा मिळणार नाही.

मुंब्र्यात उलटं. देशात कुठेही काही घडलं की आपले बूम (चॅनेलचे माइक) स्टेशनबाहेर, तेही शुक्रवारी नमाज सुटायच्या वेळी, दाढी बघून बाईट. त्याच माणसाला पाण्यावर, ट्रॅफिकवर, लोकलच्या गर्दीवर बोलायचं असतं. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ लोकलमधून प्रवासी पडून मेले. तिथल्या वळणावर दारात उभं राहणं म्हणजे काय, हे आदल्या वर्षी ऐकून ठेवणारा बातमीदार आपल्याकडे किती ठिकाणी होता?

हे सगळं ज्याला कळतं तो बहुधा स्ट्रिंगर असतो, म्हणजे नोकरीवर नसलेला स्थानिक बातमीदार. त्याला बातमीमागे पैसे, तेही उशिरा, आणि बायलाईन मुंबईच्या माणसाची. स्टाफवाल्याला जरा कुठे ओळखी झाल्या की बीट बदलते.

अप्रेझलमध्ये आणखी एक रकाना वाढवू नका, तोही लोक डोळे मिटून भरतील. माणसाला एका बीटवर तीन-चार वर्षं राहू द्या आणि स्ट्रिंगरचं नाव छापा.