'लॉस्ट' म्हणणारा पंच

ऑक्टोबर सरत आला की आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज ठरल्यासारखा पडतो. पाठवणारा कधी दुबईत असतो, कधी न्यू जर्सीत. मजकूर तोच: जग कुठं चाललंय आणि बेळगावात अजून पाट्यांवरून भांडताय! एक नोव्हेंबर तोंडावर आलेला असतो. शहरात एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुकीची तयारी, दुसरीकडे मराठी भाषकांच्या काळ्या दिवसाच्या फेरीला परवानगी मिळणार की नाही याची चर्चा, आणि मधल्या मध्ये एखादा दुकानदार आपल्या फलकावर नियमाप्रमाणे कन्नड साठ टक्के भरतं का ते पट्टी लावून मोजत असतो. इटलीत आल्यावर पहिली दोन-तीन वर्षं मीही असले मेसेज पुढे ढकलले. आता ढकलत नाही. कारण विचाराल तर नेमबाजीची एक स्पर्धा.

मी खानापूर तालुक्यातला. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सात वर्षं लेथवर काढली आणि मग ब्रेशाला आलो. ब्रेशा म्हणजे इटलीची उद्यमबागच म्हणा. फरक एवढाच की आपल्याकडे भट्टीतून पंपाचे भाग निघतात आणि इथल्या खोऱ्यात बंदुकीच्या नळ्या. गार्दोने गावच्या बेरेट्टा कंपनीकडे 1526 सालचा कागद आहे, व्हेनिसच्या शस्त्रागाराला 185 नळ्या दिल्याचा. आपल्याकडे पाचशे वर्षांपूर्वीचा कागद सापडला की त्यावरून दावा ठोकतात. यांनी त्यावर धंदा वाढवला.

ब्रेशाहून अर्ध्या तासावर लोनातो. तिथल्या रेंजवर 2019 च्या जुलैत शॉटगनची, म्हणजे छर्ऱ्यांच्या बंदुकीची, जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. कारखान्यातल्या एकाने बळेच नेलं. मला बंदुकीचं वेड नाही, पण घरी काकाची एकनळी बारा बोअर आहे, रानडुकरांपासून भात राखायला. इथले नेमबाजही बारा बोअरच वापरतात हे कळल्यावर म्हटलं, बघू तरी.

नेम धरायला हवेत उडवतात ती बशी तळहाताएवढी, 110 मिलिमीटर व्यासाची, 105 ग्रॅम वजनाची. म्हणतात मातीची, पण तिच्यात माती नावालाही नसते; डांबरासारखा पदार्थ आणि चुनखडीची पूड. ट्रॅप प्रकारात नेमबाजासमोर 15 मीटरवर खंदक असतो आणि त्यात पंधरा यंत्रं. बशी कुठल्या यंत्रातून, डावीकडे की उजवीकडे, उंच की सपाट सुटणार ते त्याला ठाऊक नसतं. एका बशीला दोन काडतुसं, काडतुसात जास्तीत जास्त 24 ग्रॅम छर्रे. पात्रता फेरीत अशा 125 बश्या. चांगले नेमबाज त्यातल्या तीन किंवा चार सोडतात. पाच सोडल्या तर अंतिम फेरी बहुधा बाहेरून बघायची. काकाला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, "एवढी काडतुसं मातीत घालवालेत? डुक्कर तरी मारा म्हणावं."

मला सगळ्यात गंमत वाटली ती माइकची. नेमबाजाच्या पुढे जमिनीवर एक छोटा माइक असतो. त्याने हाक दिली की त्या आवाजावर बशी सुटते. नियमात 'पुल' हा शब्द आहे, पण दुसरी कुठलीही हाक चालते. त्यामुळे एक जण 'हॉप' म्हणायचा, एक बाई नुसती 'आ' करायची, आणि एक धिप्पाड गडी तर गुरं हाकल्यासारखा ओरडायचा. यंत्र सगळ्यांना सारखंच. मी तिथूनच ग्रुपवर लिहिलं: बघा, बशी भाषा विचारत नाही! चाळीस अंगठे पडले. परदेशात बसून शहाणपण पाठवायला किती सोपं जातं, बघा.

शेजारी एक म्हातारा बसला होता. बोल्झानोकडचा, घरची भाषा जर्मन, पूर्वी छोट्या स्पर्धांना पंच म्हणून उभा राहिलेला. त्याला मी माझा शोध ऐकवला. तो म्हणाला, माइकचं राहू दे, पंचाकडे बघ.

मग मी पंचाकडे बघू लागलो. बशी हुकली की पंच तिथल्या तिथं पुकारतो: 'लॉस्ट'. लागली तर गप्प. नुसती धूळ उडाली तर ती लागली असं धरत नाहीत. बशीचा निदान एक तुकडा डोळ्यांना दिसायला हवा. नेमबाजाला निर्णय मान्य नसेल तर त्याने लगेच, पुढची बशी सुटायच्या आत हात वर करून हरकत घ्यायची. पंच हवं तर साहाय्यक पंचांना विचारतो आणि निकाल देतो. झालं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मैदानात पडलेली बशी उचलून आणून 'हे बघा छर्ऱ्याचं भोक' म्हणायला बंदी आहे.

हे शेवटचं कलम ऐकलं आणि मी बेळगावात पोचलो. आपण सत्तर वर्षं दुसरं काय करतोय? दोन्हीकडून पडलेल्या बश्याच तर गोळा करतोय. कुणी हलशीच्या कदंबांचे ताम्रपट आणतो, कुणी 1946 च्या बेळगाव साहित्य संमेलनातला संयुक्त महाराष्ट्राचा ठराव. प्रत्येकाच्या बशीला भोक आहे आणि प्रत्येकाला ते स्पष्ट दिसतं. धुळीचं तर बोलायलाच नको. निवडणुकीआधी जी उडते तिच्यात एक तुकडा कुणी दाखवावा.

आणि पंच? 1956 मध्ये राज्यं भाषावार झाली, बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि महाराष्ट्राने हात वर केला. 1966 मध्ये महाजन आयोग नेमला, 1967 मध्ये त्याचा अहवाल आला. त्याने 264 गावं महाराष्ट्राला, 247 कर्नाटकाला आणि बेळगाव शहर आहे तिथंच, असं सुचवलं. महाराष्ट्राने तो नाकारला, कर्नाटकाने डोक्यावर घेतला, केंद्राने बाजूला ठेवला. 2004 मध्ये महाराष्ट्र 865 गावांचा दावा घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेला. दावा दाखल झाला त्या वर्षी जन्मलेली पोरं आता नोकऱ्या शोधतायत. हात वर केलेला माणूस अजून तसाच उभा आहे, आणि आम्ही बाहेरगावचे दीडशहाणे त्याला सांगतोय, हात खाली घे, जग कुठं गेलंय बघ.

बोल्झानोच्या म्हाताऱ्याला मी कागदी रुमालावर नकाशा काढून दाखवला. बेळगाव, निपाणी, खानापूर, कारवार, वर बिदर. तो हसला. म्हणाला, आमच्याकडे यावरून विजेचे खांब उडवले होते. दक्षिण टिरोल, म्हणजे बोल्झानोचा प्रांत, मूळचा ऑस्ट्रियाचा, जर्मन बोलणारा. पहिल्या महायुद्धानंतर इटलीकडे आला. मुसोलिनीने जर्मन शाळा बंद पाडल्या, गावांची नावंसुद्धा बदलली. 1946 मध्ये ऑस्ट्रिया आणि इटलीत करार झाला, पण तो कागदावरच राहिला. 1961 मध्ये एका रात्रीत डझनावारी खांब पाडले गेले. 1972 मध्ये खरीखुरी स्वायत्तता मिळाली आणि 1992 मध्ये ऑस्ट्रियाने वाद मिटल्याचं संयुक्त राष्ट्रांना रीतसर कळवलं.

सीमा एका इंचानेही हलली नाही. मात्र कचेरीत जर्मनमध्ये बोललात तर साहेबाला जर्मनमध्येच उत्तर द्यावं लागतं, कारण दोन्ही भाषांचं प्रमाणपत्र असल्याशिवाय त्याला ती नोकरीच मिळत नाही. ओळखपत्र दोन भाषांत, पाट्या दोन भाषांत. सरकारी नोकऱ्या भाषागटांच्या प्रमाणात वाटतात. म्हणजे ज्या युरोपचा दाखला देऊन आम्ही पाट्यांचा वाद क्षुद्र ठरवतो, त्याच युरोपात पाट्यांचा वाद कुणी क्षुद्र मानला नाही. पाट्या दोन भाषांत हव्यात हेसुद्धा लिहून ठरवलं, नोकऱ्या मोजून वाटल्या, तेव्हा कुठं ते शांत झाले.

इथलं सगळं गोड आहे असं समजू नका. माझी मुलगी ब्रेशात जन्मली, इथलीच भाषा बोलते, पण इटालियन नाही. इथं जन्मलेल्या परदेशी मुलांना अठराव्या वर्षापर्यंत थांबावं लागतं. नागरिकत्वासाठी लागणारी वास्तव्याची अट दहा वर्षांवरून पाचवर आणावी म्हणून जून 2025 मध्ये सार्वमत घेतलं, तर पुरेसे लोक मतदानालाच गेले नाहीत. राहण्याच्या परवान्याच्या रांगेत माझ्याशी कुणी मराठीत बोलत नाही आणि बोलावं अशी माझी अपेक्षाही नाही. मी इथं आपल्या पायाने आलोय. काका कुठं गेला नाही. तो होता तिथंच आहे, सरकार त्याच्या अंगणात आलं.

आता काकाच्या बंदुकीचं सांगतो. निवडणूक लागली की परवान्याची बंदूक ठाण्यात जमा करावी लागते. पद्धत देशभर आहे, त्याबद्दल तक्रार नाही. गेल्या खेपेला काका बंदूक देऊन आला आणि मिळालेल्या पावतीचा फोटो त्याने मला पाठवला. पावती कन्नडमध्ये. काकाची चौथीपर्यंतची शाळा मराठी. मी शाळेत कन्नड शिकलोय, म्हणून घरातले असले कागद माझ्याकडे येतात. ठाणं त्याच्या घरापासून बारा किलोमीटरवर आणि वाचणारा सात हजार किलोमीटरवर! जेवणाच्या सुट्टीत मी फोटो मोठा करून वाचू लागलो. नाव बरोबर. गाव बरोबर. परवान्याचा क्रमांक बरोबर. पुढे लिहिलं होतं: दोननळी बंदूक एक.

काकाची एकनळी आहे.

लिहिणाऱ्याच्या मनात काही काळंबेरं असेल असं मला वाटत नाही. दिवसात पन्नास बंदुका घेतल्यावर कुणाचाही हात चुकेल. पण वाचता येणाऱ्या माणसाने तिथल्या तिथं म्हटलं असतं, साहेब, एक नळी जास्त झाली. काकाने पावती घडी करून खिशात घातली. निवडणूक संपली, तो बंदूक आणायला गेला, तर तिथले म्हणाले, कागदावर दोननळी आहे, ही तुमची कशावरून? चार खेपा झाल्या. शेवटी तिथल्याच एका कन्नड हवालदाराने रजिस्टर काढलं, परवाना शेजारी ठेवून जुळवला आणि स्वतःच्या हाताने दुरुस्ती करून दिली. तोवर डुकरांनी खालचा तुकडा नांगरून ठेवला होता.

ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्क्यांहून जास्त आहेत तिथं महत्त्वाचे कागद त्यांच्या भाषेतही द्यावेत, हे धोरण पन्नास-साठ वर्षांपूर्वीच मान्य झालंय. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची गरज नाही, सीमा हलवायचीही नाही. अगदी हीच मागणी अक्कलकोट आणि जतच्या कन्नड माणसाचीही असेल, आणि ती महाराष्ट्राने पुरवली पाहिजे. हे वाक्य लिहिलं की आमच्या ग्रुपवर दोन मित्र रुसतात. रुसोत.

'खेळाला सीमा नसते' हा दुसरा लाडका मेसेज. लोनातोला जरा उभं राहून बघा म्हणजे कळेल, खेळाइतक्या बारीक सीमा कुणीच आखत नाही. आणि माणसंही आपली ओळख बाहेर ठेवून येत नाहीत. कुवेतचा फेहाइद अल-दीहानी 2016 च्या रिओ ऑलिंपिकला गेला तेव्हा त्याच्या देशावर बंदी होती. उद्घाटनाला ऑलिंपिकचा झेंडा धर म्हटलं तर त्याने नकार दिला: मी लष्करातला माणूस, धरला तर कुवेतचाच धरीन. नंतर त्याने डबल ट्रॅपचं (यात दोन बश्या एकदम सुटतात) सुवर्ण जिंकलं आणि त्याच्यासाठी कुवेतऐवजी ऑलिंपिकचं गीत वाजलं. सान मारिनोची आलेस्सांद्रा पेरिल्ली जन्मली इटलीतल्या रिमिनीत. आई सान मारिनोची, म्हणून ती त्या देशाकडून खेळते. टोकियोत तिने ट्रॅपमध्ये कांस्य मिळवलं आणि तेहतीस-चौतीस हजार वस्तीच्या देशाला आयुष्यातलं पहिलं ऑलिंपिक पदक दिलं. आपल्या निपाणीची लोकसंख्या याहून जास्त आहे. पेरिल्लीला कुणी विचारलं नाही की तू नक्की कुठली, कारण ते कागदावर आधीच ठरलेलं होतं.

आपल्याकडे हा खेळ बराच काळ संस्थानिकांचा. बिकानेरचे महाराजा करणीसिंह यांना 1962 मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपचं रौप्य मिळालं. राज्यवर्धनसिंह राठोड यांचं 2004 चं अथेन्सचं डबल ट्रॅपचं रौप्य तर सगळ्यांना आठवतंच, आणि ते लष्करातले. काडतुसांचा खर्च बघता शेतकऱ्याचं पोरगं इकडे वळणं अवघड. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे रायफलवर पॅरिसला कांस्य घेऊन आला, तोही रेल्वेची नोकरी सांभाळून. त्या दिवशी ग्रुपवर वाद काय, तर कुसाळे सीमेच्या अलीकडे जन्मला असता तर बेळगावात त्याचा फलक कुठल्या भाषेत लागला असता.

त्याच ऑलिंपिकमध्ये, 5 ऑगस्ट 2024 ला, महेश्वरी चौहान आणि अनंतजीतसिंह नारुका स्कीट या बश्यांच्याच दुसऱ्या प्रकारात, मिश्र दुहेरीत कांस्यपदकासाठी चीनशी खेळले. काका फोनवर लावून बसला होता आणि मला इकडे कॉल करून प्रत्येक बशी सांगत होता. चीन 44, भारत 43. काका थोडा वेळ काहीच बोलला नाही.

"एकच की रे," मग म्हणाला. "आता काय करतात? परत मोजतात?"

"नाही. संपलं."

"आणि आपली पोरं?"

"चिनी जोडीशी हात मिळवून गेली."

"निकाल आपल्या विरुद्ध लागला तरी?"

मला कळलं तो पॅरिसबद्दल विचारत नव्हता. मी म्हटलं, काका, मला विचारशील तर विरुद्ध लागला तरी चालेल, पण लागू दे. तो म्हणाला, "तुला चालेल. तू तिकडं आहेस." आणि फोन ठेवला, गोठ्यात जायची वेळ झाली होती.